फुटलेलें तारूं : हक्काकडून दायित्वाकडे

(१)

कोंकणच्या किनाऱ्याचा इतिहास आजवर बहुधा आरमारांचा, जलदुर्गांचा आणि जकातींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. खडकास लागून अथवा वाळूंत रुतून फुटलेल्या तारवाचें पुढें काय झालें, त्यांतील माल कोणीं नेला आणि मागें राहिलेली घाण कोणीं काढली, हा प्रश्न त्या इतिहासांत क्वचितच विचारलेला आढळतो. वास्तविक ज्यांचा चरितार्थ समुद्रावर चालतो त्यांच्या दारीं हा प्रश्न लढायांपेक्षां अधिक वेळां आला असला पाहिजे. आमच्या वाचकांस ताम्रपट, महजर व तहनामे यांची गोडी आहे. अशा साधनांतच या प्रश्नाचा जुना भाग सांपडतो. नवा भाग मात्र गेल्या साठ वर्षांत, आणि आपल्या किनाऱ्यापुरता तर गेल्या पंचवीस वर्षांतच, घडला आहे. हे दोन्ही भाग एकत्र ठेवून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आमचें प्रतिपादन थोडक्यांत असें : जुन्या काळीं फुटलेल्या तारवावर हक्क सांगणारे पुष्कळ होते, आणि शास्त्राचें व राजशासनाचें काम त्या हक्कांस आळा घालण्याचें होतें. आज फुटलेल्या जहाजाचा धनी म्हणवून घेण्यास सहसा कोणी पुढें येत नाहीं, आणि कायद्याचें काम धनी शोधून जहाज त्याच्या गळ्यांत बांधण्याचें झालें आहे. हा पालट जहाजाच्या पोटांतील तेलानें घडविला. तथापि ज्या तत्त्वावर नवा कायदा उभा आहे तें आपल्या स्मृतींस अपरिचित नव्हतें; तें जमिनीवरच्या रस्त्यापुरतें राहिलें होतें, समुद्रापर्यंत पोंचलें नव्हतें, इतकेंच.

(२)

प्रथम जुनीं साधनें पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नावध्यक्षाचें प्रकरण आहे. वादळानें भरकटून आलेल्या नावेशीं अध्यक्षानें पित्याप्रमाणें वागावें, आणि पाण्यानें भिजलेल्या मालावर शुल्क मुळींच घेऊं नये किंवा अर्धेंच घ्यावें, असें तेथें सांगितलें आहे. मुळांतील 'मूढवात' हा शब्द लक्षांत घेण्यासारखा आहे. दिशा चुकलेला, भ्रमिष्ट झालेला वारा, असा त्याचा भाव. म्हणजे दोष वाऱ्याकडे आहे, नावेकडे नाहीं, आणि म्हणूनच नाव दयेस पात्र आहे. याच प्रकरणांत पुढें येणारा एक नियम आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा वाटतो. पुरेसे खलाशी अथवा उपकरणें नसलेली, किंवा डागडुजी न केलेली नाव बुडाली, तर गेलेला व नासलेला माल नावध्यक्षानें भरून द्यावा, असा तो नियम आहे. येथें दोष वाऱ्याचा नव्हे. नाव न सांभाळणाऱ्याचा.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत हाच भेद अधिक नेमका केलेला आहे (श्लोक ४०८ व ४०९). नाविकांच्या अपराधानें नावेंतील जें कांहीं नष्ट होईल तें त्यांनीं सर्वांनीं मिळून, ज्याच्या त्याच्या वांट्याप्रमाणें, भरून द्यावें. आपत्ति दैविक असेल तर मात्र त्यांस दंड नाहीं. 'अपराध' आणि 'दैविक' हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. आजच्या न्यायालयांत जहाजांच्या अपघाताविषयीं जो वाद चालतो तो बव्हंशीं याच दोन शब्दांभोंवतीं फिरतो.

ही झाली ग्रंथांतील व्यवस्था. व्यवहार कसा होता हें सांगणारा उत्तम पुरावा पूर्व किनाऱ्यावरचा आहे. आंध्रांतील मोटुपल्ली येथें काकतीय गणपतिदेवाचा शके ११६६ म्हणजे इ. स. १२४४–४५ चा स्तंभलेख आहे. समुद्रावरून येणाऱ्या व्यापाऱ्यांस दिलेलें तें अभयशासन होय. एका देशाहून दुसऱ्या देशास जाणारीं तारवें वादळांत सांपडून किनाऱ्यास लागलीं असतां त्यांतील सर्व माल पूर्वीचे राजे जबरीनें हरण करीत. आम्ही मात्र ठरलेल्या शुल्काखेरीज सर्व कांहीं ज्याचें त्यास सोडून देतों, असें राजानें त्यांत म्हटलें आहे. द्रव्यासाठीं प्राण पणास लावून समुद्रांत उतरणाऱ्यांविषयीं करुणा, आणि त्याबरोबरच आपली कीर्ति व धर्म, हे हेतुहि लेखांत आले आहेत. ज्या गोष्टीचा राजास असा दगडावर त्याग करावा लागतो ती गोष्ट त्यापूर्वीं सर्रास चालत होती, हा शासनलेख वाचण्याचा साधा नियम आहे. गणपतिदेवाच्या औदार्याचा हा लेख त्याच्या पूर्वसूरींच्या रिवाजाचाहि दाखला आहे.

पश्चिम किनाऱ्याविषयीं इराणी वकील अब्दुर्रझाक याची साक्ष आहे. तो इ. स. १४४२–४३ च्या सुमारास कालिकतास आला. इतर बंदरांत, दुसरीकडे जाणारें जहाज वाऱ्यानें आपल्या दारीं आणलें कीं तें लुटण्याची चाल होती. कालिकतांत तसें कोणी करीत नाहीं, याचें त्यास कौतुक वाटलें. वारा ज्याच्या दारीं आणील त्याचें तें जहाज, हा किनाऱ्यावरचा सर्वसाधारण न्याय, आणि कालिकत हा त्यास अपवाद.

(३)

कोंकणांतील रिवाजाचा स्पष्ट उल्लेख इ. स. १६७४ चा आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. त्यानें पुढें केलेल्या कलमांत एक असें होतें कीं, इंग्रजांचीं तारवें महाराजांच्या मुलखांत किनाऱ्यास लागून फुटल्यास तीं व त्यांतील माल परत मिळावा. ऑक्झिंडेनच्या वृत्तांतावरून दिसतें कीं, इतर बहुतेक मागण्यांस अनुकूल असलेल्या महाराजांनीं या कलमास हरकत घेतली. कारणें दोन दिलीं. वादळानें अगर अन्य कारणानें किनाऱ्यास लागलेलें तारूं परत करणें कोंकणच्या रिवाजास धरून नाहीं, हें पहिलें. आणि इंग्रजांस ही सवलत दिली तर फ्रेंच, वलंदेज व इतर व्यापारीहि तीच मागतील, हें दुसरें.

या उत्तराकडे केवळ उत्पन्नाचा लोभ म्हणून पाहणें बरोबर होणार नाहीं. दुसरें कारण राजनीतीचें आहे. परक्या टोपीकरांपैकीं एकास किनाऱ्यावर विशेष हक्क दिला कीं किनारा आपला राहत नाहीं, हें महाराजांनीं ओळखलें होतें. मोटुपल्लीचा राजा आणि रायगडचा राजा यांच्या निर्णयांत भेद असला तरी दोघांचें गृहीत एकच आहे : किनाऱ्यास लागलेल्या वस्तूचें काय करावें हें किनाऱ्याच्या स्वामीनें ठरवावयाचें. एकानें तो अधिकार सोडून कीर्ति मिळविली, दुसऱ्यानें तो राखून सत्ता राखली.

इंग्रज ज्या सवलतीची मागणी करीत होते ती त्यांच्या घरींहि सहज मिळालेली नव्हती. इंग्लंडांत फुटलेलें तारूं राजाचें मानीत. इ. स. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यानें त्यांत एवढी सूट दिली कीं, जहाजांतून मनुष्य, कुत्रा किंवा मांजर जिवंत निसटलें असेल तर तें जहाज बेवारस समजूं नये. माल राखून ठेवावा व वर्ष आणि एक दिवस इतक्या मुदतींत धनी आल्यास त्यास द्यावा. ही वर्षाची मुदत पुढें फार दूरवर गेली. आपल्याकडील १९५८ च्या व्यापारी नौकानयन कायद्यांत फुटलेल्या जहाजाच्या मालाची देखरेख करणारा सरकारी अधिकारी नेमण्याची तरतूद होती, आणि धन्यानें आपला हक्क एका वर्षांत शाबीत करावा असा नियम होता. २०२५ सालीं संसदेनें त्या कायद्याच्या जागीं नवा कायदा केला.

जुनी वृत्ति कायद्यानें समूळ जाते असें मात्र नाहीं. जानेवारी २००७ मध्यें 'नापोली' नांवाचें जायबंदी मालवाहू जहाज इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत ब्रॅन्सकोम गांवापुढें उथळ पाण्यांत आणून बसविण्यांत आलें. त्यावरील कांहीं कंटेनर किनाऱ्यास लागले, तेव्हां लांबलांबून आलेल्या लोकांनीं मोटारसायकली सुद्धां ढकलीत नेल्या. अब्दुर्रझाकास यांत कांहीं नवें दिसलें नसतें. नवी होती ती पुढची गोष्ट : माल उचलणारे शेंकडों निघाले, पण पसरलेलें तेल आणि मोडका सांगाडा यांवर हक्क सांगणारा एकहि निघाला नाहीं.

(४)

येथें पालटाचें मूळ आहे. शिडाच्या तारवाच्या पोटांत मिरीं, तांदूळ, सुपारी, कापड, काथ्या असे पदार्थ असत. तारूं स्वतः सागाचें, दोर काथ्याचे, शीड कापसाचें. तें फुटलें म्हणजे धन्याचें दिवाळें निघे, परंतु समुद्राचें कांहीं बिघडत नसे. लांकूड वाहून येई, धान्य मासे खात, उरलें सुरलें दोनचार पावसाळ्यांत कुजून जाई. म्हणूनच जुन्या सर्व नियमांचा विषय 'माल' हाच आहे. 'मळ' हा नाहीं.

वाफेबरोबर कोळसा आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत जहाजांच्या बॉयलरांत व इंजिनांत कोळशाची जागा तेलानें घेण्यास आरंभ झाला. तेव्हांपासून जहाज कांहीं वाहून नेवो, त्याच्या स्वतःच्या टांक्यांत विष असतेंच. हें इंधन म्हणजे खनिज तेलांतून पेट्रोल, रॉकेल, डिझेल इत्यादि काढून घेतल्यावर उरणारा काळा, जड, चिकट भाग. तें पाण्यावर पसरतें, लाटांनीं घुसळून त्याचा पाण्यासह घट्ट लगदा होतो आणि तो मूळच्या तेलाहून आकारानें कितीतरी मोठा असतो. खडकाच्या फटींत बसलेला हा लगदा वर्षानुवर्षें राहतो. वाळूवर आलेला, नव्या वाळूखालीं गाडला जाऊन पुढच्या उधाणांत पुन्हां वर येतो. तेलवाहू जहाजच फुटलें पाहिजे असें नाहीं. लोखंड, कोळसा किंवा बिस्किटें नेणारें जहाजहि पुरे.

आतां स्मृतीकडे पुन्हां वळूं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत (श्लोक २८२ व २८३) राजमार्गाविषयीं एक नियम आहे. आपत्ति नसतां जो राजमार्गावर अमेध्य म्हणजे घाण टाकील त्यानें दोन कार्षापण दंड द्यावा, आणि ती घाण तात्काळ साफ करावी. पुढच्या श्लोकांत आपद्ग्रस्त, वृद्ध, गर्भिणी व बालक यांस दंडांतून वगळलें आहे. त्यांस शब्दानें समज द्यावी, परंतु जागा साफ व्हावी ती व्हावीच, अशी मर्यादा घातली आहे. या दोन श्लोकांत तीन गोष्टी वेगवेगळ्या केलेल्या आहेत : दंड, शुद्धि आणि आपत्तीची सबब. सबबीनें दंड टळतो. शुद्धि टळत नाहीं. आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्यास या निष्कर्षावर येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, असें आम्ही म्हटल्यास त्यांत पूर्वजांची फुकट बढाई नाहीं. स्मृतिकारांचा नियम गल्लीरस्त्यापुरता होता. समुद्र घाण होऊं शकतो ही कल्पनाच त्या काळीं कोणास शिवणें शक्य नव्हतें.

(५)

ती कल्पना जगास प्रथम मोठ्या प्रमाणावर शिकविली ती 'टॉरी कॅनियन' या तेलवाहू जहाजानें. १८ मार्च १९६७ रोजीं तें इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांताजवळ सेव्हन स्टोन्स नांवाच्या खडकांवर चढलें व त्यांतील लाखभर टनांहून अधिक कच्चें तेल समुद्रांत गेलें. तेल नाहीसें करण्यासाठीं किनाऱ्यावर हजारों टन साबणी रसायनें ओतण्यांत आलीं, आणि शेवटीं विमानांतून बाँब टाकून जहाज जाळण्याचा प्रयत्न झाला. पुढें संशोधकांनीं तपासलें तेव्हां असें दिसून आलें कीं, खडकांवरील शिंपल्या, कालवें व वनस्पति यांचा संहार तेलापेक्षां त्या रसायनांनीं अधिक केला होता. शुद्धीच्या घाईनें केलेली ही दुसरी अशुद्धि होय. त्या प्रसंगांतूनच १९६९ चा तेलप्रदूषणाच्या दायित्वाचा आंतरराष्ट्रीय करार निघाला.

आपल्या किनाऱ्यास हा धडा पुढें मिळाला. ३० मे २००६ रोजीं 'ओशन सेराया' हें मालवाहू जहाज कारवारपुढील ऑयस्टर रॉक या खडकाळ बेटास लागून फुटलें व त्याचें इंधन दक्षिण गोव्याच्या पुळणींपर्यंत गेलें. परंतु सर्वांत मोठा प्रसंग मुंबई बंदराच्या मुखांत घडला. ज्या मुखाच्या दक्षिणेस इ. स. १६७९ मध्यें खांदेरीसाठीं मराठे व इंग्रज झुंजले, त्याच पाण्यांत ७ ऑगस्ट २०१० रोजीं, म्हणजे शके १९३२ च्या आषाढ वद्य पक्षांत, न्हावाशेव्याहून बाहेर पडणारें 'चित्रा' आणि आंत येणारें 'खलिजिया' या दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. खलाशी सुखरूप निघाले. 'चित्रा' एका कुशीवर कलंडून, १८७५ सालीं बांधलेल्या प्राँग्स दीपगृहाजवळ उथळांत बसलें. त्यावर १,२१९ कंटेनर होते व त्यांपैकीं ३१ कंटेनरांत कीटकनाशकें होतीं. टांक्यांत २,६६२ टन इंधन होतें. त्यांतील सुमारें ८०० टन समुद्रांत गेलें. डेकवरचे शेंकडों कंटेनर पाण्यांत पडून जलमार्गांत तरंगूं लागले, त्यामुळें मुंबई व न्हावाशेवा हीं दोन्ही बंदरें कांहीं दिवस बंद ठेवावीं लागलीं.

हा काळ कोणता होता हें पाहिलें पाहिजे. त्या वर्षीं नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. पावसाळ्यांतील बंदीनंतर होड्या पाण्यांत लोटण्याची, जाळीं सांधून ठेवण्याची ती घाईची वेळ. नेमक्या त्याच वेळीं उरण, मांडवा, अलिबाग या बाजूस नैर्ऋत्येच्या वाऱ्यानें काळा तवंग येऊन लागला. जाळ्यास एकदां हें तेल लागलें कीं जाळें टाकूनच द्यावें लागतें. आणि ज्यांचें जाळें वांचलें त्यांचेहि मासे बाजारांत कोणी घेईनासें झालें, कारण माशांस तेलाचा वास येतो ही वदंता तेलापेक्षां वेगानें पसरते.

शुद्धीचें काम तीन ठिकाणीं तीन प्रकारचें होतें, आणि त्यांतील भेद ध्यानांत आल्यावांचून या विषयाचें मर्म कळावयाचें नाहीं. खुल्या समुद्रांत तटरक्षक दलाच्या नौकांनीं व हेलिकॉप्टरांनीं तेल विखुरणारीं रसायनें फवारलीं. विखुरलेलें तेल नष्ट होत नाहीं; तें बारीक थेंबांच्या रूपानें खालच्या पाण्यांत मिसळतें व तेथें जीवाणू त्याचा हळूहळू फडशा पाडतात. खोल पाण्यांत हा उपाय चालतो. उथळांत, जेथें माशांचीं अंडीं व पिलें असतात तेथें, तो 'टॉरी कॅनियन'चीच पुनरावृत्ति करतो. वाळूच्या पुळणीवर फावडें, घमेलें व माणसाचे हात यांहून उत्तम साधन अद्यापि निघालेलें नाहीं. वरचा तेलकट थर तेवढा उचलावा, खालची वाळू हलवूं नये. उत्साहानें अधिक खणलें तर तेल आणखी खोल जातें. गोळा केलेल्या तेलकट वाळूवर तेल खाणारे जीवाणू सोडण्याचा, टेरी या संस्थेनें सिद्ध केलेला, उपाय मुंबई–रायगडच्या किनाऱ्यावर योजण्यांत आला.

तिसरें ठिकाण खाजणांतील तिवरांचें. तिवरांचीं मुळें चिखलांतून सुळक्यांसारखीं वर येऊन श्वास घेतात. त्यांवर तेलाचा लेप बसला कीं झाड गुदमरतें. परंतु तें लगेच मरत नाहीं. पानें गळण्यास कांहीं आठवडे, कधीं कांहीं महिने जातात, तोंवर वर्तमानपत्रांतून अपघाताची बातमी निघून गेलेली असते. तेथें माणसें घालून सफाई करावी तर पायांखालीं तेल चिखलांत तुडविलें जातें आणि कोंवळीं रोपें मोडतात. म्हणून तिवरांत पुष्कळ वेळां कांहीं न करतां भरतीओहोटीवर भिस्त ठेवणें हाच कमी हानीचा मार्ग ठरतो. स्मृतींत 'तात्काळ साफ करावी' असें म्हटलें आहे. खाजणाच्या बाबतींत मात्र घाई हाच दोष आहे.

(६)

तेल कांहीं वर्षांत विरतें. सांगाडा विरत नाहीं. याचें उदाहरण गोव्यांत सर्वांनीं पाहिलें आहे. जून २००० मध्यें 'रिव्हर प्रिन्सेस' हें खनिजवाहू जहाज पावसाळी वादळांत कांदोळीच्या पुळणीस लागलें आणि वाळूंत रुतून दहा वर्षांहून अधिक काळ तेथेंच राहिलें. इ. स. १६१२ मध्यें पोर्तुगीजांनीं पुरा केलेला आग्वादचा कोट त्या किनाऱ्यावरून दिसतो. मध्यंतरींच्या एका तपांत येणाऱ्या प्रवाशांस कोटाबरोबर हेंहि एक प्रेक्षणीय स्थळ झालें. तें काढण्याचे प्रयत्न वारंवार फसले. जहाज ताब्यांत घेण्यासाठीं गोव्याच्या विधानसभेस २००१ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या वस्तूवरील राजाचा हक्क सोडण्यासाठीं मोटुपल्लीस स्तंभ उभारला गेला, तीच वस्तु सरकारच्या पदरीं घालण्यासाठीं येथें कायदा करावा लागला. पालट किती झाला हें यापेक्षां स्पष्ट दाखविणारी जोडी आम्हांस दुसरी सांपडली नाहीं.

३१ जुलै २०११ रोजीं तर 'पवित' नांवाचें जहाज, ओमानच्या बाजूस खलाशांनीं सोडून दिल्यावर, आपलें आपणच अरबी समुद्र ओलांडून मुंबईंत जुहूच्या पुळणीस येऊन लागलें. त्यावर मनुष्य नव्हता, कुत्रा नव्हता, मांजरहि नव्हतें. १२७५ च्या कायद्याप्रमाणें तें निःसंशय राजाचें झालें असतें. २०११ मध्यें प्रत्येकाची इच्छा एवढीच होती कीं तें लौकर कोणीतरी घेऊन जावें.

अशा बेवारस जहाजांसाठीं १८ मे २००७ रोजीं नैरोबी येथें फुटलेलीं जहाजें हलविण्याविषयींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १४ एप्रिल २०१५ पासून अमलांत आला. भारतानें तो २०११ मध्येंच स्वीकारला होता. ३०० टनांपासून वरच्या जहाजांच्या धन्यांनीं तीं हलविण्याच्या खर्चाचा विमा उतरविलाच पाहिजे, असें त्यांत आहे. इंधनतेलाच्या प्रदूषणाचा निराळा करार २००१ चा. तो नोव्हेंबर २००८ मध्यें अमलांत आला, परंतु भारत त्यांत सामील झाला तो २०१५ सालीं. म्हणजे 'चित्रा'च्या वेळीं त्या कराराचें कवच आपल्या किनाऱ्यास नव्हतें. या करारांत धन्याचा अपराध शाबीत करावा लागत नाहीं. तेल सांडलें एवढें पुरे. युद्ध किंवा अनिवार्य स्वरूपाचा असामान्य नैसर्गिक कोप अशीं थोडीं कारणें तेवढीं सुटकेचीं ठेविलीं आहेत. मनूचा 'दैविक' हा शब्द येथें पुन्हां भेटतो. मात्र तो आतां फार अरुंद झाला आहे.

(७)

शेवटचा व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा प्रश्न भरपाईचा आहे. ४ ऑगस्ट २०११ रोजीं 'रॅक' नांवाचें मालवाहू जहाज साठ हजार टनांहून अधिक दगडी कोळसा व आपलें इंधन घेऊन मुंबईपासून सुमारें वीस सागरी मैलांवर बुडालें. त्याविषयीं २३ ऑगस्ट २०१६ रोजीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें जहाजाच्या धन्यांवर १०० कोटि रुपयांचें दायित्व ठेविलें. ज्यानें घाण केली त्यानें शुद्धीचा खर्च द्यावा, हें तत्त्व आपल्या किनाऱ्यावर एवढ्या मोठ्या रकमेंत मांडणारा हा निर्णय म्हणून त्याचें ऐतिहासिक महत्त्व आहे.

तथापि समुद्राचें नुकसान आणि समुद्रावर जगणाऱ्याचें नुकसान या दोन गोष्टी आहेत. दुसरें शाबीत करावयाचें तर अपघातापूर्वीं आपणांस किती मासळी मिळत होती हें दाखवावें लागतें. ज्याची यांत्रिक होडी आहे व जो सहकारी संस्थेंत मासळी घालतो त्याच्याजवळ पावत्या असतात. परंतु ओहोटीच्या वेळीं खडकांवरून कालवें फोडणारी, खाडींतून खुबे व तिसऱ्या वेंचून टोपलींतून दारोदार विकणारी बाई कोणती पावती दाखविणार? तेल प्रथम तिच्याच खडकांवर येतें आणि सर्वांच्या मागून तेथून जातें. कागद नाहीं म्हणून नुकसान नाहीं, असा हिशेब कायद्याच्या मनांत नसतांहि त्याच्या रीतीमुळें होतो.

हें आम्ही इतिहाससंशोधकांपुढें कां मांडतों, असें कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. कोंकणच्या रिवाजाचा १६७४ चा पुरावा आपणांस परक्या वकिलाच्या वृत्तांतांत सांपडतो, कारण त्यानें लिहून ठेविलें. त्या रिवाजानें ज्यांचें पोट भरलें किंवा ज्यांचें घर बुडालें त्या किनाऱ्यावरील माणसांचा एक शब्दहि त्यांत नाहीं. आजचे प्रसंगहि त्याच वाटेनें जातील. जहाजांचीं नांवें, टनांचे आंकडे आणि निवाडे राहतील. तलाठ्यानें केलेले पंचनामे, मच्छीमार सोसायट्यांच्या आवकीच्या वह्या, बंदर बंद असल्याच्या सूचना, तिवरांचीं त्या त्या वर्षींचीं छायाचित्रें हीं साधनें रद्दींत जातील. २०२५ च्या मे महिन्यांत कोचीपुढें 'एल्सा' हें मालवाहू जहाज बुडालें, तेव्हां तेलाबरोबरच साबुदाण्याएवढे प्लास्टिकचे दाणे केरळच्या पुळणींवर येऊन पसरले. हे दाणे वाळूंतून वेंचून संपत नाहींत, आणि पन्नास वर्षांनीं ते कोठून आले हें सांगावयास कागदाखेरीज दुसरा साक्षी नसेल.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं जुनीं दप्तरें वाळवीच्या तोंडांतून वांचविलीं आहेत. त्यांस आमची सूचना अशी कीं, किनाऱ्यावरील गांवीं पोथ्या व सनदा पाहण्यास जाल तेव्हां कोळीवाड्यांतील सोसायटीच्या जुन्या आवकवह्याहि पाहाव्या, शक्य तर त्यांच्या नकला घ्याव्या, आणि कालवें वेंचणाऱ्या बायांकडून कोणत्या खडकावर कोणत्या महिन्यांत काय मिळतें तें तिथीवार लिहून घ्यावें. असें टिपण म्हणजे भावी काळचा महजरच होय. पुढचें जहाज फुटेल, कारण समुद्र आहे व वारा मूढ होतो. त्या वेळीं किनाऱ्यानें आपलें पूर्वीचें रूप काय होतें हें शाबीत करूं शकावें, इतकी तरी तयारी आपल्या हातची आहे.